विहिणींची गांडुळं

६ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. सप्रेम आहे की नाही, ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आमच्या घरात फोन म्हणजे चव्हाटा. हे शेजारच्या टेबलाशी घड्याळं दुरुस्त करत बसलेले असतात. डोळ्याला भिंग लावलेलं असतं, पण कान मोकळे. जे ऐकतील ते रविवारी मुलाला आणि सूनबाईला फोनवर जसंच्या तसं सांगतात, वर स्वतःची थोडी भर घालून. तेव्हा उत्तरही पत्रानंच पाठवा.

विषय गांडुळांचा आहे.

माझा लेक आणि तुमची लेक सहा महिन्यांसाठी परगावी गेले. जाताना तिनं आपला गांडुळांचा संसार दोन डब्यांत वाटला. अर्धी तुमच्याकडे, अर्धी माझ्याकडे. परत आल्यावर त्यांना रोपवाटिका काढायची आहे, तिथली जमीन विटेसारखी कडक आहे आणि ती मऊ करायला याच मंडळींचं खत लागणार आहे. दोन घरी ठेवली म्हणजे एकीकडे काही झालं तरी दुसरीकडची उरतील. विचार शहाणपणाचा आहे. फक्त त्यात मी बसत नाही.

मी अख्खी नोकरी हॉस्पिटलात केली, शेवटी मेट्रन म्हणून. वॉर्डात काही वळवळताना दिसलं तर ते थांबवणं हेच माझं काम होतं. आणि आता माझ्याच बाल्कनीत, माझ्याच भाज्यांची सालं खात, ही वळवळ मुक्कामाला आहे.

डबा पहिल्यांदा घरात आला त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी, तुमच्यादेखत, मी म्हणून बसले होते की या घरात एकतर ही राहतील नाहीतर मी. तुम्ही हसलात. सूनबाई हसली नाही. आता यातली मेली तर तो अपघात होता हे कुणालाही पटायचं नाही. सासूनं मारली, एवढंच होणार. आणि मग ती दोघं आमच्या घरात राहायला कशाला येतील? तिकडेच रोपवाटिकेपाशी खोली घेतील आणि मी रविवारच्या फोनवर जगेन.

म्हणून विचारते. ही झाकणापर्यंत चढून का येतात? सूनबाईनं जाताना एकच वाक्य सांगितलं: "आई, फक्त फार काही करू नका." याला काय सूचना म्हणायचं? पेशंट सोपवताना असं सांगणारी नर्स मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवली नसती. तिला परत विचारावं तर पहिल्या महिन्यातच हात टेकले असं दिसेल. लग्नाआधी तुमच्या घरी ही गांडुळं कितीतरी दिवस होती. तुम्हाला माहीत असणार.

आपली,
मुलाची आई

---

१५ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

तुम्ही माझ्यावर सोपवलेला निर्णय मी सप्रेम असाच लावून घेते.

पत्र वाचून गंमत वाटली, थोडं वाईटही वाटलं. गांडूळ म्हणजे नुसती वळवळ नव्हे हो. ग्रंथालयात होते तेव्हा या विषयावरचं सगळं कपाट माझ्या ताब्यात होतं. गांडूळ मातीत बोगदे करतं, त्यातून हवा आणि पाणी खाली जातं, मुळांना वाट मिळते. आपण जे फेकतो, म्हणजे सालं, देठ, चहाचा चोथा, ते खाऊन ते मागे जे टाकतं त्याला लोक काळं सोनं म्हणतात. कचऱ्याची बादली निम्मी होते ती वेगळीच. एवढं काम बिनबोभाट करणारा प्राणी घरात असणं हे, खरं सांगायचं तर, काही माणसं असण्यापेक्षा बरं.

चढून येतात याचा अर्थ सरळ आहे. आत दमट झालंय. दमटपणा हा सगळ्याच चांगल्या गोष्टींचा शत्रू. पुस्तकांना वाळवी लागायची ती दमट कोपऱ्यातच, आणि मी दर उन्हाळ्यात अख्खा विभाग अंगणात काढून ऊन दाखवत असे. डबा गच्चीत न्या आणि दोन दिवस झाकण काढून छान ऊन लागू द्या. मीही आमच्याकडे आज तेच करणार आहे.

आमच्याकडची अगदी सुखात आहेत. कधी चढत नाहीत, कधी तक्रार नाही. माणसांचा स्वभाव त्यांना कळत असावा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

तुमची,
मुलीची आई

---

२ मार्च

विहीणबाई,

स्वभावाचं आपण नंतर बोलू. आधी ही आपत्ती वाचा.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे ऊन दाखवलं नाही, कारण आमच्या गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन कुठे असतो ते कुणालाच माहीत नसतं. मला वाटलं, बिचारी उपाशी असतील म्हणून चढतात. तेव्हा उरलेली भाजी घातली, तेलामिठासकट. पाव घातला. संत्र्यांची सालं घातली, जीवनसत्त्व मिळावं म्हणून. आता हसू नका. आमच्या वॉर्डात कुणी उपाशी राहिलेलं मला चालत नसे.

आठवड्यात वास सुटला. चिलटं आली. मग एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडमास्तरीणबाई वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यावर एक गांडूळ सापडलं होतं. ते त्यांनी चिमट्यात धरून आणलं होतं. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला स्वच्छतेवर बोल लावला. मला. स्वच्छतेवर.

माझी तार सटकली. दार लावलं, पदर खोचला. डब्याच्या तळाशी साचलेला काळा राडा आधी खरवडून काढला आणि जिन्याच्या पायथ्याशी जी एक मेलेली कुंडी आहे तिच्यात नेऊन ओतला. त्या कुंडीत सगळी बिल्डिंग सिगारेटी विझवते, तिला आणखी काय होणार होतं. मग वरची गांडुळं एका तसराळ्यात काढली. डबा आधी साबणानं घासला, मग फिनेलनं. असा चकचकीत झाला की त्यात पेशंटला जेवण वाढावं. खाली नवा कोरा पुठ्ठा, त्यावर फिनेलचे चार थेंब, चिलटं येऊ नयेत म्हणून. आणि वर गांडुळं, नीट पसरून.

सकाळी सगळी गेलेली होती.

पळालेली नाही. गेलेली. त्याचं जास्त वर्णन करत नाही. मी आयुष्यात बरंच पाहिलंय, पण स्वतःच्या स्वच्छतेनं एक अख्खा वॉर्ड रिकामा झालेला पहिल्यांदा पाहिला. नंतर यांनी कुठूनसं वाचून सांगितलं की गांडूळ कातडीनं श्वास घेतं. हे ऐकायला मला फिनेल लावायच्या आधी आवडलं असतं.

रविवारी सूनबाईनं फोनवर विचारलं, आई, मंडळी कशी आहेत. मी म्हटलं, शांत आहेत. हे भिंगातून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातातलं घड्याळ मी काढून घेतलं तेव्हा ते गप्प बसले.

तेव्हा एकच मागणं. तुमच्याकडची एक मूठ पाठवा. माझे मधले दीर कामासाठी तुमच्या गावी येतात, त्यांच्या हाती द्या. जुलैपर्यंत वाढतील, कुणाला कळणार नाही.

मुलाची आई

---

१० मार्च

विहीणबाई,

वाचून फार वाईट वाटलं. धीर धरा.

मूठभर गांडुळांबद्दल. पाठवायला काहीच हरकत नव्हती, पण सध्या त्यांची प्रवासाची मनःस्थिती नाही. ऋतू बदलतोय. त्यातून तुमचे दीर गाडी फार जोरात चालवतात असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. पुढच्या महिन्यात बघू.

आणि हो, मागच्या पत्रातलं उन्हाचं ते सोडून द्या. ऊन मुळीच दाखवायचं नाही. सकाळचंही नाही, कोवळंही नाही, पडद्याआडूनही नाही. त्यांना डोळे नसतात, पण उजेड कातडीला समजतो. ऊन लागलं की काही तासांत ती वाळतात, सुतळीच्या तुकड्यांसारखी. असं मी वाचलंय. मागचं पत्र जमलं तर फाडून टाका.

मुलीची आई

---

१९ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग यांना वाचायला दिलं. हे म्हणाले, "ज्याला सुतळीचा तुकडा आठवतो, त्यानं तो बघितलेला असतो."

तुमचीही गेली. खरं की नाही?

नुसतं हो म्हणा. एक मूठ गांडुळं मागितली होती, दागिने मागितले नव्हते. त्यावर प्रवासाची मनःस्थिती, ऋतू, माझे दीर, इतकं वळण कशाला घ्यायचं? ग्रंथालयात पुस्तक हरवलं की तुम्ही वाचकाला असंच सांगत होतात का, की पुस्तकाची सध्या मनःस्थिती नाही?

सूनबाईनं दोन घरी ठेवली, एकीची गेली तर दुसरीची उरावी म्हणून. दोघींनीही आपापल्या परीनं चांगलं करायला जाऊन मारली, हे तिच्या शहाणपणात कुठे बसणार होतं.

मुलाची आई

---

२८ मार्च

विहीणबाई,

हो.

आता झालं समाधान?

गच्चीत नेली, झाकण उघडलं, आणि बाजूला खुर्ची टाकून वाचत बसले. त्यांना एकटं वाटू नये म्हणून. वाचता वाचता डोळा लागला. उठले तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत होतं, अगदी माझ्या पसंतीचं. पुस्तकं असती तर शंभर वर्षं टिकली असती.

तुमच्यासारखी स्वस्थ बसले मात्र नाही. गावाच्या बाहेरच्या तळ्यावर गळ टाकणारे बसतात, त्यांच्याकडून डबाभर गांडुळं आणली. चांगली जाडजूड, लांबलचक, तुमच्या-आमच्या त्या लालसर काड्यांपेक्षा कितीतरी भारदस्त. डब्यात ठेवली. सकाळी डबा रिकामा. एक बाथरूममध्ये, दोन जिन्यात, एक आमच्या ह्यांच्या चपलेत, बाकीची अज्ञातवासात. मग नीट वाचलं तेव्हा कळलं की जमिनीत खोल राहणारी जात निराळी आणि कचऱ्यात वरच्या वर राहणारी निराळी. खोलवाल्यांना डबा म्हणजे तुरुंग वाटतो. हे वाक्य माझ्याच कपाटातल्या पुस्तकात होतं. मी त्याची धूळ कित्येकदा झटकली असेल. उघडून वाचायचं तेवढं राहिलं.

आता एक सुचवते, रागावू नका. मी मुलीला सांगते की सासूबाईंच्याकडची गेली, माझी ठीक आहेत. तुम्ही जावईबापूंना सांगा की त्यांच्या सासूकडची गेली, तुमची ठीक आहेत. दोघं परत येईपर्यंत एकमेकांशी बोलणार नाहीत असं थोडंच आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. सोडून द्या.

माझ्या मुलीच्या त्या डब्याला मी भीतीपोटी कधी हात लावला नव्हता. तिला ते माहीत आहे. तरी तिनं अर्धी माझ्याकडे ठेवली. त्याचं मला जास्त लागतं.

मुलीची आई

---

२१ एप्रिल

विहीणबाई,

पत्राला उशीर झाला. तुमच्यावर चिडून बसले होते, मग कामात अडकले. दोन्ही कारणं खरी आहेत.

गेल्या आठवड्यात हेडमास्तरीणबाई परत वर आल्या. मी दार उघडायच्या आधीच म्हटलं, आमच्याकडे आता काहीही वळवळत नाही, अभ्रे तपासून घ्या. तर त्या म्हणाल्या, "खाली चला. तुम्ही कुंडीत काय ओतलंत ते दाखवते."

जिन्याच्या पायथ्याशी गेले. ती मेलेली कुंडी आठवते ना? तिच्यातली माती अशी होती की वरून पाणी घातलं की तसंच कडेनं वाहून जिन्यावर यायचं आणि पाय घसरायचे. तिच्यातल्या वाळून खराटा झालेल्या रोपाला पानं फुटली होती. हिरवीगार, बोटभर. त्यांनी लोटीभर पाणी ओतलं तर ते गपकन आत गेलं. मला वाटलं, आभार मानायला बोलावलं. छे. त्यांनी काडीनं माती उकरली आणि म्हणाल्या, किडे झालेत, सोसायटीच्या कुंडीत तुम्ही किडे सोडलेत.

आत पांढरट दोऱ्यासारखं काहीतरी होतं. बारीक, नखाएवढं. मी खरं सांगते, माझा हात सवयीनं फिनेलच्या बाटलीकडे जायला निघाला होता. बाटली तीन मजले वर होती म्हणून बरं.

तेवढ्यात हे खाली आले. आपलं भिंग डोळ्याला लावून कुंडीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. यांची ही सवय मला आयुष्यभर डोक्यात गेली आहे. घड्याळ उघडून तासभर बघायचं, हात लावायचा नाही. शेवटी म्हणाले, दोऱ्याच्या आत लाल रेघ आहे, रक्ताची. आणि बाजूला मोहरीएवढे पिवळे मणी आहेत, छोट्या लिंबासारखे, दोन्हीकडून टोकदार.

पिल्लं, विहीणबाई. मी तो तळाचा राडा घाण म्हणून फेकला, त्यात सगळी अंडी होती. जे जपलं ते मेलं, आणि जे फेकलं ते वाचलं. मी जिन्यावरच बसले. हेडमास्तरीणबाईंना वाटलं मला चक्कर आली.

मग मी चमचा घेऊन त्या सार्वजनिक कुंडीपुढे गुडघे टेकून बसले आणि एकेक दोरा उचलायला लागले. येणारा-जाणारा थांबून विचारत होता, काय हरवलं. हेडमास्तरीणबाई आता निराळ्याच सुरात होत्या. सगळी न्यायची नाहीत, म्हणाल्या, अर्धी कुंडीची आहेत. आणि त्यांच्या खिडकीतल्या गुलाबासाठी थोडं ते काळं द्या. सिगारेटी विझवणाऱ्यांना आता त्याच ओरडतात. मला वॉचमनहून जास्त धाक त्यांचा वाटतो.

नुसत्या पाण्यानं चारदा धुतलेल्या डब्यात ओला पुठ्ठा फाडून घातला, वाळकी पानं, थोडी सालं, संत्र्याचं काही नाही, मीठ नाही, तेल नाही. वर ओलं गोणपाट. आणि झाकण लावून टाकलं. मी उघडत नाही. सकाळी उठल्यापासून हात शिवशिवतात. जरा ढवळून बघू, जरा पुसून घेऊ, असं दिवसातून किती वेळा वाटतं ते विचारू नका. हे म्हणतात, तू डबा पाळत नाहीस, डबा तुला पाळतोय.

दीर शुक्रवारी तुमच्याकडे निघतायत. त्यांच्या हाती एक डबा पाठवते. त्यात अर्धी तुमची. आत केक आहे असं त्यांना सांगितलंय, म्हणून वाटेत उघडला नाही तर बरं. अंधारात ठेवा. वाचत बसा, पण डब्याकडे पाठ करून.

मुलाची आई

---

२९ एप्रिल

विहीणबाई,

डबा पोचला. तुमच्या दिरांनी वाटेत उघडला. ते आमच्याकडे जेवले नाहीत.

मंडळी सुखरूप आहेत. जिन्याखाली ठेवली आहेत, जिथे ऊन यायचं असेल तर भिंत पाडावी लागेल. झाकण मी उघडत नाही. मला तर ते सोपंच आहे, उघडायची भीतीच वाटते.

तुम्ही मला पाठवायला नको होती. तुमची सगळी तुम्ही ठेवून घेतली असतीत तर तुमची बाजू बळकट झाली असती. हे मी लक्षात ठेवलंय, आणि ते मला आवडलेलं नाही.

मुलीची आई

---

११ जुलै

विहीणबाई,

दोघं परत आली. स्टेशनवरून आधी आमच्याकडे उतरली, आता रोपवाटिकेची जमीन बघून दोन-तीन दिवसांनी तुमच्याकडे येतील. त्याआधी हे पत्र मिळावं म्हणून जलद टपालानं पाठवतेय.

मुलीनं जेवायच्या आधी डबा काढला. गोणपाट बाजूला केलं, हात घातला, मूठ उघडून बघत बसली. सगळं चांगलं होतं. वास मातीचा, रंग चहाच्या भुकटीचा, गांडुळं भरपूर. मी मागे उभी राहून पुस्तकातलं बोलत होते. ती म्हणाली, "आई, ही सगळी एकाच वयाची कशी गं? एकही जुनं नाही."

मी म्हटलं, जुनी फिरायला गेली असतील.

ती हसली, आणि पुढे काही विचारलं नाही. जाताना मात्र आमचा डबा गाडीत ठेवला, अख्खा. मी म्हटलं, थोडी राहू दे इथे. तर म्हणाली, "नको, तुला त्यांची भीती वाटते. उगाच कशाला." आणि त्याच्याऐवजी मला एक कॅक्टस दिला, पाणीसुद्धा न लागणारा.

एवढे दिवस जिन्याखाली त्या डब्याला मी रोज संध्याकाळी दिवसभराच्या बातम्या सांगत होते. हे कुणाला सांगू नका. आता तिथे कॅक्टस आहे. तो ऐकत नाही.

जुन्यांबद्दल तिनं तुम्हाला विचारलं तर जे योग्य वाटेल ते सांगा. माझं नाव आलं तरी चालेल.

मुलीची आई

---

१५ जुलै

विहीणबाई,

तुमचं पत्र त्यांच्या आधी पोचलं. तरी काही उपयोग झाला नाही, कारण मी ठरवलेलं सगळं विसरले.

सूनबाई चप्पल काढून थेट बाल्कनीत गेली. मी चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मग गेले. ती जमिनीवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत डब्यात. मी म्हटलं, तू विचारायच्या आधी सांगते, ही ती नाहीत. ती मी फिनेलनं मारली. ही त्यांची पिल्लं. कुंडीत सापडली. मुद्दाम नाही मारली. टेबलाशी जे बोलले होते ते बोलले होते, पण मुद्दाम नाही.

मुठीतली माती तिनं हळूच परत डब्यात सोडली. मग म्हणाली, "मारलीत ते बघूनच कळलं. पण त्यानंतर तुम्ही काही केलं नाहीत ना, आई?"

मी म्हटलं, नाही गं. हात लावला नाही. फार कठीण गेलं.

"कळतंय. हात लावला असतात तर इतकी झाली नसती."

उभी हयात राबले, तेव्हा कुणी नाव काढलं नाही. तीन महिने डब्याला हात न लावता बसले, तर कौतुक झालं. हे म्हणाले, मी तर तेच आयुष्यभर करत आलोय, मला कुणी विचारत नाही. त्यांना मी भाजी चिरायला बसवलं.

आता मुद्द्याचं. रोपवाटिकेपाशी त्यांनी खोली पाहिलेली नाही. इथूनच जाऊन येऊन करणार आहेत. आणि जेवताना सूनबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की डब्यातली अर्धी जमिनीवर नेते, अर्धी आईंच्याकडे राहू दे, एका ठिकाणी काही झालं तर दुसरीकडची उरतील. परत तोच हिशेब. परत मीच. मी म्हटलं, बाई, माझी यातून सुटका कधी? ती म्हणाली, आता नाहीच.

तेव्हा मी चिडलेली आहे, आणि हे पत्र त्याच अवस्थेत लिहितेय.

तुमच्या कॅक्टसबद्दल वाचून झोप लागली नाही. म्हणून ठरवलंय. माझ्या अर्ध्यातली अर्धी काढली आहेत. सूनबाईला सांगितलेलं नाही. ती शहाणी आहे, डब्याचं वजन बघून तिला कळेलच, आणि कळलं तरी ती विचारणार नाही. दिरांच्या हाती पाठवत नाही, ते आता आमच्याकडचा केकसुद्धा घेत नाहीत. डबा घेऊन मीच येते, शनिवारच्या गाडीनं.

कॅक्टस गच्चीत न्या, त्याला ऊन लागतं. जिन्याखालची जागा पुसून ठेवा, फिनेलनं नको. डबा तिथे ठेवू, शेजारी दोन खुर्च्या टाकू, आणि दोघी मिळून काहीही करणार नाही.

आपली सप्रेम,
मुलाची आई